नरक्याच्या सालीतून कॅम्पटोथेसिन: बेसिक फ्रॅक्शन जवळजवळ रिकामा. झाड चुकलं की पद्धत?

सॉक्सलेटवाली | सोमवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. एमएस्सीचं दुसरं वर्ष, ऑरगॅनिक. प्रोजेक्टला नरक्या हे झाड घेतलंय. सालीतून कॅम्पटोथेसिन (ज्यापासून कॅन्सरची औषधं बनतात तो रेणू) वेगळं काढायचं आणि ते तेच आहे हे सिद्ध करायचं, एवढाच विषय. साल आजऱ्याकडे मामाच्या मालकीच्या जागेतल्या झाडाची. सावलीत वाळवून दळून घेतली.

केलं ते असं: २०० ग्रॅम पूड, आधी पेट्रोलियम ईथरनं सॉक्सलेटमध्ये (गरम सॉल्व्हंट पुन्हापुन्हा फिरवणारं उपकरण) तेलं-मेणं काढली, मग त्याच पुडीला मिथेनॉल. रोटाव्हेपवर आटवून काळपट चिकट क्रूड मिळालं. ते ५ टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिडात घोटून गाळलं. गाळलेलं ॲसिड क्लोरोफॉर्मनं एकदा धुतलं, मग अमोनिया घालून पीएच १० केला आणि पुन्हा क्लोरोफॉर्मनं तीनदा एक्स्ट्रॅक्ट केलं. म्हणजे नोट्समध्ये अल्कलॉइडसाठी (झाडांतले नायट्रोजनवाले रेणू) जी पद्धत आहे ती जशीच्या तशी.

शेवटी हाती काय, तर फ्लास्कच्या तळाला तपकिरी डाग. अल्कलॉइड ओळखायचा ड्रॅगेनडॉर्फ मारला तर फिकट नारिंगी. सिनियरकडून चिमूटभर स्टँडर्ड, म्हणजे शुद्ध कॅम्पटोथेसिन, आणलंय. टीएलसीवर (घटकांचे ठिपके वेगळे करणारी प्लेट) ३६५ नॅनोमीटरच्या यूव्हीत ते झगझगीत निळं दिसतं, त्याच्या शेजारी माझी लेन नुसती धूसर. सगळीकडे लिहिलेलं असतं की नरक्यात कॅम्पटोथेसिन भरपूर. मग गेलं कुठं? गाइड म्हणतात झाड चुकीचं असेल, पुन्हा साल आण. पुन्हा झाड सोलायचं जिवावर आलंय म्हणून इथे विचारते.

---

रानभैरी | सोमवार, रात्री ११:१५

आधी झाडाचं बोलू. पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक? पान चुरगाळलं की वास कसा येतो? फुलं-फळं पाहिलीस का? आणि हर्बेरियम शीट (वाळवून चिकटवलेला फांदीचा नमुना) केली आहेस का? हे शेवटचं नसेल तर बाकीच्या प्रोजेक्टला काही अर्थ नाही. उद्या कुणी विचारलं की कशाची साल, तर "मामा म्हणाला" हे उत्तर थीसिसमध्ये चालत नाही.

पानांचं मुद्दाम विचारतोय. जॉन ग्रॅहमनं १८३९ साली मुंबई आणि आसपासच्या वनस्पतींचा कॅटलॉग काढला, त्यात हे झाड प्रेम्ना निमोनियाना नावानं आलंय. प्रेम्ना म्हणजे आपल्या अग्निमंथाची जात. तिची पानं समोरासमोर, नरक्याची एकाआड एक आणि फांदीच्या टोकाला गर्दी करून. पुढे ते मापिया फीटिडा झालं आणि आता नोथापोडायटिस निमोनियाना. जुने पेपर शोधशील तेव्हा मापिया टाक, नाहीतर निम्मं साहित्य दिसणारच नाही.

---

सॉक्सलेटवाली | सोमवार, रात्री ११:३१

पानं एकाआड एक. चुरगाळलं की घाण वास, हात दोनदा धुवावे लागले. गेल्या पावसाळ्यात पिवळसर बारीक फुलांचे झुपके होते, फळं जांभळट-काळी, आत एकच बी. शीट केली आहे, विद्यापीठाच्या हर्बेरियममध्ये दिलीय, नंबर यायचाय.

---

रानभैरी | सोमवार, रात्री ११:३८

मग झाड बरोबर आहे. आता केमिस्ट लोकांनी बघावं.

---

खोडरबर | मंगळवार, सकाळी ६:५०

ॲसिडात घोटून गाळलंस तेव्हा गाळणकागदावर जे राहिलं, ते कुठे आहे? फेकलं नाहीस ना?

---

सॉक्सलेटवाली | मंगळवार, सकाळी ८:०५

नाही काका, वॉचग्लासवर कागदासकट पडलंय. वेस्टच्या बाटलीत टाकायचं राहून गेलं. मळकट पिवळसर आहे. अमोनियाचं पाणी पण बीकरमध्ये झाकून ठेवलंय.

---

खोडरबर | मंगळवार, सकाळी ९:२०

छान. तुझं कॅम्पटोथेसिन त्या कागदावर आहे. थोडंफार ॲसिड धुतलेल्या क्लोरोफॉर्ममध्ये आणि उरलंसुरलं अमोनियाच्या पाण्यात. जिथे शोधलंस तिथे सोडून सगळीकडे.

सविस्तर लिहितो, कारण ही अडचण दरवर्षी कुणाला ना कुणाला येते.

तुझी पद्धत एका गोष्टीवर उभी आहे: अल्कलॉइड म्हणजे बेस. ॲसिड मिळालं की मीठ होऊन पाण्यात उतरणार, अमोनियानं पुन्हा बेस मोकळा झाला की क्लोरोफॉर्ममध्ये जाणार. कुड्याच्या सालीतलं कोनेसिन काढताना हे चोख चालतं. कॅम्पटोथेसिनची रचना काढून बघ. पाच रिंगा, दोन नायट्रोजन. त्यातला एक पायरिडोनचा, म्हणजे अमाइडच. तो बेस म्हणून मोजायचाच नाही. दुसरा क्विनोलिनचा, पण तो इतका कमकुवत की तुझ्या ५ टक्के ॲसिडला दाद देत नाही. त्यामुळे मीठ बनत नाही आणि पाण्यात उतरत नाही. वर हा रेणू कुठल्याच सॉल्व्हंटमध्ये धड विरघळत नाही. मग ॲसिडात घोटताना तो काय करणार, पिवळा गाळ होऊन कागदावर बसणार. ड्रॅगेनडॉर्फलाही तो नीट साथ देत नाही. तुला जी फिकट नारिंगी छटा दिसली ती दुसऱ्याच कुठल्यातरी बेसची.

आता अमोनिया. पाचवी रिंग, ई रिंग, लॅक्टोन आहे, म्हणजे रिंगमध्ये बांधलेला एस्टर. अल्कलीत ती उघडते आणि कार्बोक्झिलेट तयार होतं. ते पाण्यात मजेत राहतं, क्लोरोफॉर्ममध्ये यायचं नाव घेत नाही. म्हणजे जे काही थोडं ॲसिडातून पुढे सरकलं होतं, तेही तू पीएच १० करून पाण्यात कोंडलंस.

आज इतकंच कर:

कागदावरचा गाळ क्लोरोफॉर्म-मिथेनॉल ४:१ मध्ये ढवळ, गाळ, त्याचा एक ठिपका स्टँडर्डच्या शेजारी दे. अमोनियाच्या पाण्यात हळूहळू ॲसिड घालून पीएच ३ च्या खाली आण, जरा कोमट ठेव, घाई करू नको, रिंग मिटायला वेळ लागतो. मग क्लोरोफॉर्मनं काढ आणि त्याचाही ठिपका दे. मला पैज लावायची सवय नाही, पण या वेळी लावेन.

---

शंकासुर | मंगळवार, सकाळी १०:०२

म्हणजे अल्कलॉइडची पुस्तकी पद्धत अल्कलॉइडलाच लागू नाही. वा. मग याला अल्कलॉइड म्हणायचं तरी कशाला?

---

खोडरबर | मंगळवार, सकाळी १०:३०

बांधणी कशी होते त्यावरून म्हणतात. झाड हा रेणू ट्रिप्टोफॅनपासूनच तयार करतं, कुळ इंडोल अल्कलॉइडांचं, फक्त वाटेत इंडोलचं क्विनोलिन होतं. कूळ तेच, वागणूक वेगळी. पद्धतीला दोष नाही. रेणूची रचना न बघता ती लावली तर घोळ होतो.

---

रॅलेकर | मंगळवार, दुपारी ४:१०

इथे सकाळ आहे, कॉफी घेत वाचतोय. मी राहतो तिथून रिसर्च ट्रँगल पार्क गाडीनं जवळ. कॅम्पटोथेसिन पहिल्यांदा वेगळं काढलं ते तिथल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये, मनरो वॉल आणि मनसुख वाणी यांनी, १९६६ साली. अमेरिकन केमिकल सोसायटीनं २००३ मध्ये त्या कामाला ऐतिहासिक रासायनिक स्थळाचा मान दिला.

गोष्ट वाचण्यासारखी आहे. वॉल मूळचे अमेरिकी शेती खात्याच्या फिलाडेल्फियातल्या प्रयोगशाळेत. कॉर्टिसोन बनवायला कच्चा माल देणारी झाडं हुडकणं हे काम. त्यातले हजारएक अर्क त्यांनी कॅन्सर इन्स्टिट्यूटला तपासायला दिले आणि चीनमधून आलेल्या एका झाडाचा, कॅम्पटोथिका ॲक्युमिनाटाचा, अर्क उंदरांच्या गाठींवर चालला. ते १९५० च्या दशकाच्या शेवटी. वॉलना तेव्हाच त्याच्यामागे लागायचं होतं, पण कॅन्सरवर काम करणं हे शेती खात्याचं काम नव्हे. मग १९६० मध्ये नॉर्थ कॅरोलायनाला आल्यावर त्यांनी तो धागा पुन्हा धरला.

मुद्दा असा की त्यांच्याकडे स्टँडर्ड नव्हतं. कुठला रेणू शोधतोय हेच ठाऊक नव्हतं. प्रत्येक फ्रॅक्शन उंदरांच्या ल्युकेमियावर, एल-१२१० वर, तपासायचा आणि जो चालेल तेवढाच पुढे न्यायचा. म्हणून ते अल्कलॉइडच्या पुस्तकी वाटेत अडकले नाहीत. उंदीर सांगतील तिकडे गेले. रचना ठरवताना आयोडोॲसिटेट बनवून एक्स-रे क्रिस्टलोग्राफी केली. आयोडीनचा जड अणू घातला की त्या काळच्या गणिताला आधार मिळायचा.

आणि त्या ई रिंगचं पुढचं ऐका. रेणू विरघळत नाही, मग पेशंटला द्यायचा कसा? रिंग उघडून सोडियम सॉल्ट केलं, ते पाण्यात मस्त विरघळतं. १९७० च्या सुमारास त्याच्याच चाचण्या झाल्या. गुण यथातथा आणि त्रास भयंकर, मूत्राशयातून रक्तस्रावापर्यंत. चाचण्या गुंडाळल्या. नंतर कळलं की उघड्या रिंगचा रेणू फारसा कामाचा नाही, रिंग मिटलेली हवी. १९८५ मध्ये तो टोपोआयसोमरेज १ या एन्झाइमला डीएनएवर अडकवून ठेवतो हे समजलं आणि मेलेलं प्रकरण पुन्हा उठलं. रिंग शाबूत ठेवून, दुसऱ्या टोकाला पाण्याशी जुळवून घेणारे गट लावून टोपोटिकॅन आणि इरिनोटिकॅन ही कॅन्सरची औषधं आली. दोन्हींना अमेरिकेत मान्यता १९९६ ला.

---

खानदेशी_झटका | मंगळवार, संध्याकाळी ७:२५

वाणीसाहेबांचा जन्म आमच्या नंदुरबारचा, १९२५ चा! बीएस्सी, एमएस्सी मुंबई विद्यापीठातून. टॅक्सॉलची रचनाही यांनीच वॉलबरोबर १९७१ ला मांडली. दोन-दोन कॅन्सरची औषधं ज्या माणसाच्या हातून निघाली त्याचं नाव आमच्याकडे शाळेत कुणी घेत नाही. २०२० मध्ये गेले तेव्हा कोपऱ्यात चार ओळींची बातमी. बस, एवढंच सांगायचं होतं. चालू द्या.

---

खोडरबर | मंगळवार, रात्री ८:४०

रॅलेकरांनी छान लिहिलंय. त्यात मुंबईचा तुकडा जोडतो. चिनी झाडात माल कमी. नरक्यात तो कितीतरी जास्त आहे हे उघडकीला आलं ते गोरेगावात. सिबा रिसर्च सेंटर, संचालक टी. आर. गोविंदाचारी. त्यांचा आणि विश्वनाथन यांचा मापिया फीटिडावरचा पेपर १९७२ चा. कॅम्पटोथेसिन तर मिळालंच, शिवाय ९-मेथॉक्सी कॅम्पटोथेसिन. हे दुसरं नाव लक्षात ठेव गं, तुझ्या प्लेटवर ते भेटणार आहे.

---

आडुळसा | बुधवार, सकाळी ७:१०

मी वैद्य. धागा आवडीनं वाचतोय, पण एक टोचतंय ते बोलतो. शीर्षक वाचून मला वाटलं होतं पारंपरिक औषधाबद्दल असेल. नरक्या काही निघंटूंतलं (आयुर्वेदाच्या द्रव्यकोशांतलं) नावाजलेलं द्रव्य नव्हे. त्याची कीर्ती सगळी प्रयोगशाळेतून आलेली. तेव्हा उद्या कुणी "आयुर्वेदात कॅन्सरचं औषध सापडलं" असा मेसेज फिरवला तर या धाग्याचा हवाला देऊ नका.

दुसरं, सालीतून एकच रेणू ओढून काढायचा आणि बाकी साल कचरा म्हणायची, हे आम्हाला पटत नाही. अडुळशाचा काढा आणि त्यातलं वासिसिन या दोन गोष्टी एक नाहीत.

---

शंकासुर | बुधवार, सकाळी ७:४८

एक नाहीत हे मान्य. पण त्या वासिसिनवरूनच ब्रोमहेक्झिन बनलं ना? खोकल्याच्या निम्म्या बाटल्यांवर तेच किंवा त्याचा भाऊ ॲम्ब्रोक्सॉल. रेणू ओढून काढला म्हणूनच.

---

आडुळसा | बुधवार, सकाळी ८:१५

हो ना, त्याला माझा विरोध कुठाय? आणि तुमच्या या चाचण्यांचा आम्हाला खरा उपयोग वेगळाच आहे. बाजारातून आलेली अडुळशाची पोती खरंच अडुळशाची आहेत का, जुनी होऊन निर्वीर्य झालीत का, हे वासिसिन मोजून कळतं. चव आणि वास यांवर मी पास केलेला माल टीएलसीवर नापास झालेला पाहिलाय. फक्त रेणू म्हणजेच औषध, असं म्हणू नका.

---

खोडरबर | बुधवार, सकाळी ९:३०

वैद्यबुवा, तुमच्या बाजूनं एक दाखला माझ्याकडूनच घ्या. सर्पगंधा. १९३१ मध्ये दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलिमुझ्झमान सिद्दिकींनी मुळीतून स्वच्छ स्फटिकांचे अल्कलॉइड काढले, अजमलीन वगैरे. त्याच साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी मुळीनं रक्तदाब उतरतो, झोप येते असं लिहिलं. पण मुळीची ती झोप आणणारी करामत या स्फटिकांत काही येईना. ती होती उरलेल्या चिकट राळेसारख्या भागात. अल्कलॉइड काढून झाल्यावर जो बाजूला सारतात त्याच्यात. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी रक्तदाबाच्या पेशंटांवरचे निष्कर्ष ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापले तेही सर्पगंधेच्या मुळीवरचेच, शुद्ध रेणूवरचे नाहीत. शेवटी १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबानं त्या राळेतूनच रेसर्पिन काढलं. तोही कमकुवत बेस, म्हणून नेहमीच्या ॲसिड-अमोनियाच्या चाळणीतून निसटलेला.

आता कळलं का मी सकाळी सातच्या आत गाळणकागदाबद्दल का विचारलं?

---

पेठकर | बुधवार, दुपारी १२:०५

मला रसायनशास्त्रातलं काही कळत नाही. माझ्या मेव्हण्यांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे, केमो चालू आहे. गावाकडून कुणी नरक्याची साल पाठवलीय, काढा करून द्या म्हणून. हा धागा वाचून वाटतं की त्यात खरंच औषध आहे. द्यावा का?

---

आडुळसा | बुधवार, दुपारी १२:२०

नाही. अजिबात नाही. वैद्य म्हणून सांगतो.

---

रॅलेकर | बुधवार, संध्याकाळी ५:३०

पेठकर, आतड्याच्या कॅन्सरला इरिनोटिकॅन देतात, ते याच रेणूपासून बनवलेलं. म्हणजे कदाचित डॉक्टर त्याच घराण्यातलं औषध मोजूनमापून देतच असतील. वरून साल उकळून दिलीत तर किती गेलं हे कुणालाच कळणार नाही. एका झाडाच्या आणि दुसऱ्याच्या सालीतही फार फरक असतो. हे विष पेशी मारतं, चांगल्या-वाईट दोन्ही. जुलाब आणि पांढऱ्या पेशी घसरणं हे तर मोजून दिलेल्या डोसलाही होतं. साल आली आहे हे डॉक्टरांना सांगा, आणि दिली गेली असेल तर आजच सांगा.

---

पेठकर | बुधवार, रात्री ९:१८

दिली नव्हती. बहिणीला फोन करून सांगितलं. आभारी आहे.

---

जांभ्या | बुधवार, रात्री ९:५५

मी चंदगडचा. सालीबद्दल एवढं चाललंय म्हणून लिहितो. आमच्याकडे नरक्या म्हटलं की आधी आठवतात ती तोडलेली खोडं. रात्री तोडायची, ढलपे करायचे, पोत्यात भरायचे. बाहेरून मागणी वाढली तशी वाडीतल्या पोरांना किलोवर पैसे मिळायला लागले. पैसे किती, तर चहा-भज्यांपुरते. पुढे त्याचं काय होतं, कितीला जातं, त्यांना पत्ता नाही. पकडले गेले की पोरंच. एखादं खोड पुन्हा फुटतं, पण मुळासकट उपटलं की संपलं. ताई, मामाची जागा मालकीची आहे हे बरं. तरी साल गोल सोलू नका, झाड वाळतं.

---

सॉक्सलेटवाली | बुधवार, रात्री १०:२०

जांभ्यादादा, साल छाटणीत पडलेल्या फांद्यांची घेतली होती, उभ्या खोडाला हात लावला नाही. म्हणूनच पुन्हा आणायची नव्हती.

आणि काका... निळं! कागदावरच्या गाळाचा ठिपका स्टँडर्डइतकाच झगझगीत, आरएफ (प्लेटवर किती वर चढला ते) तोच. अमोनियाचं पाणी ॲसिड करून काढलं त्यातही फिकट निळा. गंमत म्हणजे अमोनियाचं पाणी तसंच ठेवून ठिपका दिला तेव्हा निळं सगळं खालच्या रेघेवर चिकटून बसलं होतं, वर सरकलंच नाही. ॲसिड केल्यावर वर आलं. तीन लेन शेजारी ठेवून फोटो काढलाय. गाइडना दाखवला, त्यांनी दोन मिनिटं काही बोललं नाही आणि म्हणाले, चांगलं आहे, हा फोटो थीसिसमध्ये टाक.

स्टँडर्डच्या जरा वर आणखी एक बारीक निळा ठिपका आहे. तोच का ९-मेथॉक्सी?

---

शंकासुर | बुधवार, रात्री १०:४०

अभिनंदन, पण पेढे वाटू नकोस. निळं दिसलं म्हणजे कॅम्पटोथेसिन झालं का? स्कोपोलेटिनसारखी कौमारिनंही ३६५ ला निळीच चमकतात, आणि झाडांत ती पैशाला पासरी.

---

पीएचडी_प्रतीक्षेत | बुधवार, रात्री ११:१२

शंकासुरांना दुजोरा. आणि कुणी "क्रूडचं जीसी-एमएस (वाफ करून घटक वेगळे करणारं मशीन) करून टाक" म्हणालं तर कान बंद कर. हल्ली निम्मे पेपर असेच. अर्क मशीनमध्ये सोडायचा, लायब्ररी जी नावं थुंकेल त्यांचा तक्ता छापायचा आणि प्रत्येकासमोर कॅन्सरविरोधी, सूजविरोधी, जंतुनाशक असं लिहायचं. जे उडतच नाही ते जीसीतून येणार कसं? कॅम्पटोथेसिन २६० अंशांच्या पुढे वितळता वितळता विघटित होतं. त्या तक्त्यात नरक्याचा मुख्य रेणूच नसतो आणि पामिटिक ॲसिड पहिल्या नंबरावर. पामिटिक ॲसिड तर शेंगदाण्याच्या तेलातही आहे.

---

खोडरबर | गुरुवार, सकाळी ७:०५

दोघंही बरोबर. आता पुढचं.

आधी कॉलम, म्हणजे सिलिका भरलेल्या नळीतून घटक वेगळे करणं. सिलिका १००-२०० मेश. क्रूड क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून वरून ओतायच्या फंदात पडू नकोस, विरघळणार नाही, तोंडाशीच गठ्ठा होऊन बसेल. क्लोरोफॉर्म-मिथेनॉलमध्ये घेऊन थोड्या सिलिकावर शोषव, पूर्ण कोरडी भुकटी कर, ती कॉलमवर घाल. सुरुवात नुसत्या क्लोरोफॉर्मनं, मग मिथेनॉल १ टक्का, २, फार तर ५. घाईनं वाढवलंस तर दोन्ही निळे एकत्र येतील. कॉलमला फॉइल गुंडाळ, द्रावणात असताना याला उजेड मानवत नाही. हातमोजे घाल, आणि शुद्ध पावडर तोलताना पंखा बंद. डीएमएसओ या सॉल्व्हंटमधलं द्रावण हातावर सांडू देऊ नकोस, डीएमएसओ कातडीतून आत नेतं. फिकट पिवळे स्फटिक मिळाले पाहिजेत. कोरड्या सालीच्या दहा शतांश टक्क्यांपासून तीस शतांशांपर्यंत धरलं तर तुझ्या २०० ग्रॅममध्ये २०० ते ६०० मिलिग्रॅम होतं. हाती त्याच्या निम्मं आलं तरी खूष हो.

ओळख पटवायची तर एका पुराव्यावर थांबायचं नाही. स्टँडर्ड आणि तुझा माल एकाच ठिपक्यात एकावर एक देऊन बघ, दोन वेगवेगळ्या सॉल्व्हंटांत. एकातही फुटला तर ते एक नाही. यूव्हीत ३७० च्या आसपास पट्टा हवा. मासमध्ये (रेणूचं वजन मोजणारं यंत्र) ३४८ चा रेणू, म्हणजे पॉझिटिव्हला ३४९, आणि तो फोडला की ३०५. ते ४४ म्हणजे लॅक्टोनमधून सुटलेला कार्बन डायऑक्साइड. ९-मेथॉक्सी असेल तर ३७९. कौमारिनं इथे आपोआप गळतात, स्कोपोलेटिन १९२ चं.

एनएमआरमध्ये (रेणूतले हायड्रोजन कुठे-कसे आहेत ते दाखवणारं यंत्र) मला सगळ्यात आधी एथिल बघायला आवडतं. ०.८८ ला तीन प्रोटॉनांचा ट्रिप्लेट, १.८७ ला त्याचे दोन. मग ५.३ आणि ५.४ च्या दरम्यान दोन-दोन प्रोटॉनांचे दोन सिंग्लेट, ७.३५ ला एकटा, ८.७ ला एकटा, आणि मध्ये बेंझिन रिंगचे चार. ६.५ ला हायड्रॉक्सिल. जड पाण्याचा थेंब टाकलास की ते गायब. ९-मेथॉक्सीत चाराचे तीन होतात आणि ४ च्या जवळ एक उंच सिंग्लेट येतो. एकदा हे ओळीनं दिसलं की कुणी शंका काढणार नाही, शंकासुरही नाही.

---

शंकासुर | गुरुवार, सकाळी ७:३०

मी काढेन. रेणू डावा की उजवा (आरशातल्या प्रतिमेसारखी दोन रूपं, एस आणि आर)? झाड एस रूप बनवतं आणि काम तेच करतं. एनएमआरला एस आणि आर सारखेच दिसतात.

---

खोडरबर | गुरुवार, सकाळी ७:४४

वाजवी शंका. ऑप्टिकल रोटेशन घे, क्लोरोफॉर्म-मिथेनॉलमध्ये. अधिक चिन्ह आलं पाहिजे.

---

रानभैरी | गुरुवार, सकाळी १०:०९

जांभ्याच्या मुद्द्याला जोडून. झाड न तोडता हा रेणू मिळवायची एक वाट म्हणून लोक नरक्याच्या आत राहणाऱ्या बुरशांकडे वळले. जम्मूच्या प्रयोगशाळेतल्या गटानं २००५ मध्ये नरक्याच्या सालीतल्या एका बुरशीतून कॅम्पटोथेसिन दाखवलं. ऐकायला झकास. पण अशा बुरशा काही पिढ्या वाढवल्या की त्यांचं उत्पादन ढेपाळतं, म्हणून कारखान्यापर्यंत गोष्ट गेलेली नाही. लागवड हाच सध्या शहाणा मार्ग. अजून एक: प्रोजेक्टपुरतं ठीक आहे, पण उद्या कुणी हा माल विकायचं ठरवलं तर २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली राज्य मंडळाकडे जावं लागेल, आणि गावाच्या समितीचा त्यात वाटा असतो. मामांना हे सांगून ठेव.

---

सॉक्सलेटवाली | पुढच्या आठवड्यात, शुक्रवार, रात्री ८:५५

अपडेट. कॉलम झाला. २ टक्क्यांच्या फ्रॅक्शनमधून फिकट पिवळ्या सुया, वाळवून २३८ मिलिग्रॅम. त्याच्या आधीच्या फ्रॅक्शनमध्ये दुसरं निळं, अगदी थोडं. दोन सॉल्व्हंटांत को-स्पॉट केला, दोन्हीकडे एकच ठिपका. मास आज आलं: ३४९, फोडल्यावर ३०५. दुसऱ्या निळ्याचं ३७९!! रोटेशन अधिक. हर्बेरियमचा नंबरही आला.

एनएमआरला उद्या सॅम्पल द्यायचंय. फॉर्मवर सॉल्व्हंटच्या रकान्यात तिथल्या माणसानं आधीच सीडीसीएल३ (एनएमआरसाठीचं क्लोरोफॉर्म) लिहून ठेवलंय, म्हणाला सगळे तेच देतात.

---

खोडरबर | शुक्रवार, रात्री ९:०२

खोड आणि डीएमएसओ-डी६ लिही. क्लोरोफॉर्ममध्ये नळीच्या तळाशी बसेल आणि तुला फक्त सॉल्व्हंटचा पीक मिळेल. नळीत घालायच्या आधी सॅम्पल नीट वाळव, डीएमएसओ पाणी ओढतं आणि ३.३ ला पाण्याचा डोंगर येतो.

---

शंकासुर | शुक्रवार, रात्री ९:१०

आता पेढे.